आधी माणसं मोजा



गुरुपौर्णिमेच्या या भागात आपल्या एखाद्या शिक्षकाबद्दल बोला, असं कार्यक्रमाच्या मंडळींनी मला सांगितलं. मी पेशाने आयटी कन्सल्टंट आहे, गेली वीस वर्षं न्यू जर्सीत राहतो. मला भाषणाची सवय नाही, स्लाईडची आहे. आज स्लाईड नाहीत, त्यामुळे आकडे तुम्हाला कानांनीच ऐकावे लागतील. शक्य असेल तर कागद-पेन्सिल जवळ घेऊन बसा. ज्यांच्याबद्दल मी बोलणार आहे, त्यांना ते फार आवडलं असतं.

ते म्हणजे माझे वडील. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, गाव त्यांना सर म्हणायचं. सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात त्यांनी पस्तीस वर्षं हायस्कूलला गणित शिकवलं. गेल्या जानेवारीत, वयाच्या ७९ व्या वर्षी ते गेले. तेराव्याला आलेल्या माणसांत निम्म्याहून जास्त त्यांचे विद्यार्थी होते, आणि त्यांतले बरेचसे गणितात बेतास बात होते. हे मी मुद्दाम सांगतोय. हुशार मुलांचे मास्तर पुष्कळ असतात.

अण्णांचा जन्म १९४५ चा. घरची बारा एकर जमीन, बहुतेक जिरायत. एक विहीर, तिला उन्हाळ्यात पाणी नसे. माण म्हणजे दुष्काळी मुलूख, हे तुमच्यातल्या सातारा-सांगलीकडच्या मंडळींना सांगायला नको. बाजरी, मटकी, पाऊस बरा झाला तर शाळू, आणि चार मेंढरं. आमचे आजोबा अंगठेबहाद्दर, पण हिशेबाला पक्के. खळ्यावर धान्य मोजताना पहिल्या मापाला ते ‘एक’ म्हणत नसत, ‘लाभ’ म्हणत. मग दोन, तीन, चार. अण्णांना वाटे, मोजण्याची सुरुवात ‘लाभ’पासूनच होते. शाळेत गेल्यावर कळलं की बाकीचं जग तिला एक म्हणतं.

चिपटं, मापटं, शेर, पायली ही मापं त्यांनी आधी हातांनी शिकली, नंतर पाटीवर. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. आणि पाढे नुसते दोन ते तीसचे नव्हेत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. औटकी म्हणजे साडेतीनाचा पाढा. आपल्यापैकी किती जणांना तो म्हणता येईल? अण्णांना शेवटच्या आजारपणातही येत होता. झोप लागली नाही की ते पुटपुटायचे. नर्सला वाटलं स्तोत्र म्हणताहेत.

ते बारा वर्षांचे असताना, १ एप्रिल १९५७ ला, देशात नवे पैसे आले. त्याआधी रुपयाचे सोळा आणे होते, आता शंभर नवे पैसे झाले. एका आण्याचे होतात सव्वासहा पैसे. पण सव्वा पैशाचं नाणं कुठून आणणार? म्हणून एका आण्याला सहा, दोन आण्यांना बारा, तीन आण्यांना एकोणीस आणि चार आण्यांना बरोबर पंचवीस, असं कोष्टक होतं. आता बघा गंमत. चार वस्तू एकेक आण्याच्या सुट्या सुट्या घेतल्या तर चोवीस पैसे, एकदम घेतल्या तर पंचवीस. आठवडी बाजारात यावरून रोज भांडणं. आजोबांनी अण्णांना बाजारात आपल्या शेजारी बसवायला सुरुवात केली. मग शेजारचे शेतकरी येऊ लागले, मग बायका. बारा वर्षांचा मुलगा पोत्यावर बसून लोकांचे आणे पैशांत करून देतोय. अण्णा म्हणायचे, “मी मास्तर त्या दिवशी झालो. बी.एड. नंतर केलं.”

शिकायला ते साताऱ्याला गेले. रयत शिक्षण संस्थेचं छत्रपती शिवाजी कॉलेज, ‘कमवा आणि शिका’ योजना. १९१९ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटलांनी ज्या संस्थेचं रोप लावलं, तिने आमच्यासारख्या हजारो घरांत पहिला पदवीधर दिला. अण्णा तिथे पोचले तेव्हा कर्मवीर हयात नव्हते, १९५९ साली ते गेले होते. पण श्रम करून शिकायचं, फुकट काही घ्यायचं नाही, ही रीत तशीच होती. सकाळी शेतात काम, मग तास, मग अभ्यास. ज्या शेतातून सुटायला म्हणून शिकायला गेलो, तिथेही हातात खुरपंच आलं, असं ते हसून सांगायचे. १९६७ ला बी.एस्सी., पुढच्या वर्षी बी.एड., आणि तालुक्यातच नोकरी.

आता त्यांच्या वर्गात जाऊया. पाठ्यपुस्तक ते शिकवायचेच, पण त्यांचं पहिलं पाऊल वर्गाबाहेर पडायचं. क्षेत्रफळाचा धडा आला की मुलांना सुतळी घेऊन शेतात न्यायचे. तेहतीस फूट लांब, तेहतीस फूट रुंद म्हणजे एक गुंठा. तेहतीस गुणिले तेहतीस, एक हजार एकोणनव्वद चौरस फूट. असे चाळीस गुंठे म्हणजे एक एकर. मुलं आपल्याच बांधावर उभी राहून मोजायची. कुणाचा बांध किती सरकलाय, तेही मग कळायचं. त्यावरून दोन घरांत वाद झाले म्हणतात. अण्णा म्हणायचे, “बांध मी सरकवला नाही. मी फक्त सुतळी दिली.”

व्याजाचा धडा तर तालुक्यात गाजला. त्या काळी गावात व्याज ‘शेकडा’ने सांगायचे. शेकडा तीन रुपये. ऐकायला किती कमी वाटतं! पण ते महिन्याचं असतं. म्हणजे वर्षाला छत्तीस टक्के. समजा, हजार रुपये घेतले, तीन वर्षं फेडता आले नाहीत. सरळव्याजाने देणं होतं २,०८० रुपये. वर्षाच्या वर्षाला व्याज मुद्दलात मिळवलं, तर २,५१५. आणि दर महिन्याला मिळवलं, तर २,८९८. कर्ज तेच, दर तोच, माणूस तोच. फरक एवढाच, की व्याजावर व्याज कधी चढवायचं ते कोण ठरवतो.

अण्णा हे गणित फळ्यावर मांडायचे आणि घरचा अभ्यास द्यायचे: ‘तुमच्या घरी व्याज कसं लावलंय ते विचारून या.’ मुलं विचारून आली. काही घरांत मग बापांनी जाऊन सावकाराला विचारलं. चार दिवसांनी एक गृहस्थ मोटारसायकलवरून शाळेत आले आणि मुख्याध्यापकांच्या खोलीत बसले. तुमचे मास्तर पोरांना काय शिकवतात, अशी तक्रार. अण्णांना बोलावणं आलं. ते पुस्तक घेऊनच गेले, धडा उघडून समोर ठेवला आणि म्हणाले, “सरळव्याज आणि चक्रवाढ व्याज. परीक्षेला असतं.” पुढे त्याचं काय झालं, ते ते कधी रंगवून सांगत नसत. दोनेक घरांची कर्जं सोसायटीत वळली, एवढं आईकडून कळलं. आणि गावातल्या एका दुकानात आमची उधारी बंद झाली, तेही आईकडूनच.

मग १९७२ चा दुष्काळ. तुमच्यापैकी वडीलधाऱ्या मंडळींना मिलो आणि सुकडी आठवत असेल. राज्यभर दुष्काळी कामं निघाली. १९७३ च्या मे महिन्यात त्या कामांवर पन्नास लाखांच्या आसपास माणसं होती. आमच्या गावची माणसं खडी फोडायला रस्त्यावर बसली. त्यात अण्णांच्या वर्गातली मुलंही होती, त्यांच्या आयाही होत्या. मजुरी मिळायची ती खडीच्या मापावर, ब्रासने. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट.

आता पेन्सिल घ्या. खडीचा ढीग सरळ भिंतीसारखा उभा राहत नाही. खाली रुंद, वर अरुंद. समजा, खाली बारा बाय बारा फूट, वर आठ बाय आठ, आणि उंची दीड फूट. मोजणारा माणूस टेप वरच्या कडेला लावायचा. आठ गुणिले आठ गुणिले दीड, म्हणजे ९६ घनफूट. एक ब्राससुद्धा नाही. प्रत्यक्षात त्या ढिगात खडी असते १५२ घनफूट, म्हणजे दीड ब्रासच्या वर. बाईने तीन दिवस फोडलेल्या खडीतली एक दिवसाची खडी कागदावर येतच नव्हती.

अण्णा तेव्हा सत्तावीस वर्षांचे. शाळा सुटली की ते कामावर जायचे. याचं अचूक सूत्र त्यांना येत होतं, पण वर्गमूळ असलेलं सूत्र खडी फोडणाऱ्या बाईला देऊन काय उपयोग? म्हणून त्यांनी एकच गोष्ट शिकवली. “टेप ढिगाच्या डोक्याला नाही, कमरेला लावायला सांगा.” बरोबर मध्यावर तो ढीग दहा बाय दहाचा असतो. दहा गुणिले दहा गुणिले दीड, १५० घनफूट. खरं उत्तर १५२. दोन घनफुटांची चूक, आणि तीही समोरच्याच्या फायद्याची, म्हणून त्याला नाही म्हणता येईना. आठ-दहा दिवस हुज्जत चालली. एके दिवशी बायका उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, कमरेला टेप लावल्याशिवाय हातोडी धरणार नाही. मग माप कमरेवर आलं. आमच्या गावात परवापरवापर्यंत एखाद्याने हिशेबात लबाडी केली की म्हाताऱ्या म्हणायच्या, “टेप कमरंला लाव की रं.”

गणिताची गोडी लावायलाही त्यांच्याकडे युक्त्या होत्या. त्यांतली एक आत्ता करून बघा. कुठलाही चार अंकी आकडा घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लिहा, त्यातून चढत्या क्रमाने लिहिलेले वजा करा. जे येईल त्याचं पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात वेळा केलंत की ६१७४ येतं, आणि मग तिथून आकडा हलत नाही. हा शोध देवळालीच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांचा, आणि जगभर तो त्यांच्या नावाने ओळखला जातो. अण्णा मुलांना १९७२ हा आकडा द्यायचे. त्याला पूर्ण सात पायऱ्या लागतात. “वर्षच तसलं होतं,” म्हणायचे, “सरळ सुटायचं नाही.” मुलांना मात्र त्यांना सांगायचं असे ते दुसरंच: हे एका शाळामास्तराने केलंय, आणि त्याला त्यासाठी कुणाची परवानगी लागली नाही.

घरातले अण्णा कसे होते? खरं सांगायचं तर सोपे नव्हते. रागीट होते. काटकसरीचा अतिरेक होता. पत्र आलेला लिफाफा उलटा करून पुन्हा वापरायचे. कौतुक करणं त्यांना जमायचं नाही. मला दहावीला गणितात दीडशेपैकी एकशे अठ्ठेचाळीस पडले. गुणपत्रिका बघून त्यांनी विचारलं, “वर्गात नापास किती झाले?” मी म्हणालो, अकरा. ते म्हणाले, “म्हणजे तुमच्या मास्तरांचं काम राहिलंय.” तेव्हा मला फार वाईट वाटलं होतं. पेढे आईने वाटले.

आईचं लग्न झालं तेव्हा ती सातवी पास होती. अण्णांनी तिला रात्री शिकवलं, आणि दोन मुलं झाल्यावर, १७ नंबरचा फॉर्म भरून, ती बाहेरून दहावी झाली. पुढे अंगणवाडीत लागली. घरात जमाखर्चाची वही होती, तिच्यात दोघांचं अक्षर आहे. डाव्या पानावर अण्णांचं टपोरं, उजव्या पानावर आईचं तिरपं. महिन्याच्या शेवटी बेरीज एकमेकांची तपासायचे. चूक बहुधा अण्णांची निघायची, कारण ते स्वतःच्या चहाचे पैसे लिहायला विसरायचे. ‘विसरायचे’ हा त्यांचा शब्द. आईचा शब्द वेगळा आहे.

आता मी त्या गोष्टीकडे येतो, जिच्यासाठी खरं तर हे सगळं सांगतोय.

१९८६ मध्ये आजोबा गेले. आजी आधीच गेली होती. मागे चार मुलं: अण्णा, त्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे माझे काका, आणि दोन आत्या. दोघींची लग्नं होऊन बरीच वर्षं झालेली. जमीन वडिलोपार्जित, बारा एकर. वाटणी कशी होणार?

गावच्या रीतीचा हिशेब सोपा होता. दोन भाऊ, सहा-सहा एकर. बहिणींनी हक्कसोडपत्रावर सह्या करायच्या, साडी-चोळी घ्यायची, आणि माहेर शाबूत ठेवायचं.

कायद्याचा हिशेब वेगळा होता. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे आधी आजोबा आणि दोन मुलगे असे तीन सारखे वाटे धरायचे, म्हणजे चार-चार एकर. मग आजोबांच्या चार एकरांचे चार वारस, प्रत्येकी एक. म्हणजे मुलग्यांना चार अधिक एक, पाच एकर. मुलींना एकेक एकर. पाच, पाच, एक, एक.

अण्णांनी तिसरा हिशेब मांडला. बारा भागिले चार. तीन, तीन, तीन, तीन.

काका म्हणाले, “आजवर कुणी केलंय असं?” त्यांच्या दृष्टीने त्यांचंही बरोबर होतं. अण्णांना पगार होता, काकांना जमिनीशिवाय काही नव्हतं. बापाच्या आजारपणात शेत त्यांनीच राखलं होतं. हे अण्णांनी कधी नाकारलं नाही. पण गंमत बघा, सगळ्यात जास्त विरोध आत्यांचाच होता. थोरल्या आत्या रडत म्हणाल्या, “दादा, मला जमीन नको. दिवाळीला यायला दार राहू दे.” तीन एकर जमिनीपेक्षा त्यांना एक दार मोठं वाटत होतं, कारण दुसऱ्या घरांत ते बंद झालेलं त्यांनी बघितलं होतं.

अण्णांनी त्यांना विचारलं, “मी वर्गात हजेरी घेतो. एखादं पोर म्हणालं, सर, माझं नाव वाचू नका, तर मी ते खोडायचं का?”

शेवटी झालं ते असं. काका पाच एकरांच्या खाली यायला तयार नव्हते, आणि कायद्याने ते पाच त्यांचेच होते. अण्णांनी बहिणींना हक्कसोड करू दिलं नाही, त्यांचा एकेक एकर राहिला. आणि स्वतःच्या पाचातून त्यांनी एकेक एकर दोघींना दिला. काका पाच, अण्णा तीन, आत्या दोन-दोन. बेरीज करा, बारा.

गाव म्हणालं, मास्तराने दोन एकर घालवले. अण्णा म्हणाले, “घालवले कुठे? माझ्या हिशेबाने माझे तीनच होते.”

या गोष्टीला एक दुसरी बाजू आहे, ती मला आईने फार उशिरा सांगितली. त्याच्या आदल्याच वर्षी आईने स्वतःच्या माहेरी हक्कसोडपत्रावर सही केली होती. अण्णा तेव्हा गप्प बसले होते. तिचं माहेर, तिचा निर्णय, असं म्हणून. वाटणीच्या रात्री आईने त्यांना एवढंच ऐकवलं, “माझ्या भावांना असा कुणी मास्तर भेटला नाही. आणि मला भेटला, तो त्या दिवशी सुट्टीवर होता.” अण्णांकडे त्याला उत्तर नव्हतं. मला वाटतं, ते दोन एकर थोडे त्या वाक्यामुळेही गेले. दोन मुलांची शिक्षणं समोर असताना आईने त्यांना अडवलं नाही, हा तिच्या हिशेबाचा भाग. तो वहीत कुठे लिहिलेला नाही.

काका पाच वर्षं बोलत नव्हते. मग एका उन्हाळ्यात सामाईक विहिरीची मोटर जळली, पाणी दोघांनाही हवं होतं, आणि बोलणं सुरू झालं. विहिरीच्या पाळ्याही एकरांवर ठरल्या होत्या: बारा दिवसांचं चक्र, एकराला एक दिवस. आत्यांची जमीन अण्णांनीच बटईने केली. अर्धं पीक दरवर्षी दोघींकडे पोचतं व्हायचं, पावतीसह. आत्यांचं माहेर तुटलं नाही. आधी त्या हात हलवत यायच्या आणि जाताना डोळे पुसायच्या. आता यायच्या त्या बाजरीचा भाव विचारत. धाकट्या आत्यांच्या यजमानांचं ऑपरेशन निघालं, तेव्हा त्यांनी आपला एक एकर अण्णांनाच विकला. अण्णांनी बाजारभाव दिला, एक रुपया कमी नाही. पगाराच्या सोसायटीतून कर्ज काढून. काका म्हणाले, “स्वतःच दिलेलं स्वतःच विकत घेतलंस. कसला गणिताचा मास्तर तू!” अण्णांना ते इतकं आवडलं की आल्यागेल्याला सांगायचे. पुढे माझ्या शिक्षणाच्या वेळी तो एकर त्यांनी विकला. म्हणजे जमीन पुन्हा तीनावर आली.

मी एमबीए केलं तेव्हा दोन वर्षं आम्हाला ‘स्टेकहोल्डर’ या शब्दावर बरंच काही शिकवलं. कुणाकुणाचा या निर्णयाशी संबंध आहे, त्यांची यादी करा, त्यांना रकान्यांत बसवा. सुट्टीत मी ते अण्णांना कौतुकाने समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, “म्हणजे आधी माणसं मोजायची, मग भागाकार करायचा. भाजक चुकला की उत्तर कितीही सुबक आलं तरी चूकच.” माझ्या कामात मी हे रोज बघतो. तक्ता चोख असतो, बेरीज जुळते, आलेख रंगीत असतो, आणि एक अख्खी ओळ मुळात घेतलेलीच नसते. बेरीज जुळते, म्हणून कुणाच्या लक्षातही येत नाही. बाराला दोनाने भागलं तरी बाकी शून्यच उरते.

श्रोतेहो, आता थोडं आपल्याबद्दल. अण्णांनी वाटणी केली, त्यानंतर कायदा पुष्कळ पुढे आला. २२ जून १९९४ पासून महाराष्ट्राने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना मुलग्यांसारखा हक्क दिला, पण आधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या. ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर मुलींना तो हक्क मिळाला, लग्न झालेलं असो वा नसो. आणि ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की हा हक्क जन्माने येतो, २००५ मध्ये वडील हयात असण्याची अट नाही. म्हणजे अण्णांनी फळ्यावर मांडलेलं बारा भागिले चार आज कायद्याचंच उत्तर आहे.

तरीही हक्कसोडपत्रं होताहेत. आपल्यापैकी अनेकांना गावाहून फोन येतो: ‘वारस नोंद करायची आहे, तू तिकडे आहेस, मुखत्यारपत्र पाठवून दे, ताईची सही आम्ही इथे घेतो, रूटीन आहे.’ आपण इकडे कामाच्या घाईत असतो, तिकडची कटकट मिटावी असं वाटतं, आणि आपण हो म्हणतो. हे ऐकणाऱ्या भगिनींमध्ये सही करून दिलेल्याही असतील. काहींनी मनापासून दिली असेल, त्यांना माझं काही म्हणणं नाही. स्वतःचा हिस्सा सोडायचा अधिकार ज्याचा त्याला आहेच. पण सोडण्याआधी तो किती होता, हे तिला कुणी मोजून सांगितलं का? एकर किती, गुंठे किती, आजचा भाव काय? एवढं तरी तिला सांगा. मग ती सोडेल किंवा ठेवेल.

मलाही तसा फोन आला, मार्चमध्ये. तीन एकर, वारस तीन: आई, ताई आणि मी. ताई पुण्याला असते, तिचं उत्तम चाललंय, तिला जमिनीची गरज नाही. गरज मलाही नाही. फोनवरच्या माणसाने हेच कारण सांगून ताईची सही मागितली, माझी मागितली नाही. आता सातबाऱ्यावर तिघांची नावं आहेत. आईचं नाव पहिलं आहे. आयुष्यात पहिल्यांदा तिचं नाव सातबाऱ्यावर लागलं, वयाच्या बहात्तराव्या वर्षी. तलाठी कार्यालयातून उतारा आला तो तिने चष्मा लावून दोनदा वाचला आणि जमाखर्चाच्या वहीत, उजव्या पानाला, टाचून ठेवला.

या रविवारी गावी फोन कराल तेव्हा तब्येत, पाऊसपाणी विचाराल, तसं एवढंही विचारा, की सातबाऱ्यावर नावं कुणाकुणाची आहेत. आणि मुलांना औटकी नाही शिकवलीत तरी चालेल, पण ढिगाच्या कमरेचं गणित जरूर घाला. बारा बाय बारा, आठ बाय आठ, उंची दीड फूट. उत्तर त्यांना काढू द्या.